भांडण थरांचं, बळी डेटाचा

स्पष्टच लिहितो, मंडळी. सर्व्हरवर डॉकर किंवा पॉडमन पुन्हा बसवताना साठवणुकीचं भांडण उभं राहिलं, की जालावर जो पहिला उपाय सापडतो तो उपायच नाही. ‘सगळी डिरेक्टरी पुसा, परत इन्स्टॉल करा, मस्त चालेल.’ चालतंच हो! ढेकूण झाले म्हणून घर पेटवलं तर ढेकूण मरतातच. प्रश्न असा आहे की घरात आणखी काय काय होतं.

आधीच एक खुलासा. या लेखात सगळ्या कमांड आणि डिरेक्टरींचे पत्ते मी देवनागरीत लिहिलेत. भाषेचं प्रेम आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. इथून उचलून कोणी थेट टर्मिनलवर चिकटवू नये, एवढाच हेतू. ज्याला वापरायचंय त्याने दोन मिनिटं विचार करून स्वतःच्या बोटांनी टाइप करावं. माझी अर्धी तक्रार तिथेच आहे.

फॉरमॅट मारू का?

ठाणे-डोंबिवली पट्ट्यात ज्यांनी १९९८ ते २००५ च्या आसपास असेंबल केलेला पीसी घेतला, त्यांना एक वाक्य पाठ असेल. ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल.’ प्रिंटर चालत नाही? फॉरमॅट. व्हायरस आला? फॉरमॅट. आवाज येत नाही? तरी फॉरमॅट. संगणकवाला मुलगा बॅगेतून सीडी काढायचा, काकू चहा टाकायच्या, आणि दोन तासांनी नवं कोरं विंडोज. बिघाड काय होता हे त्याला कळलेलं नसायचं, काकांनाही नाही. पण पीसी चालायचा आणि त्याचे दोनशे-तीनशे रुपये व्हायचे.

या संस्कृतीला आपण हसतो. पण तिच्यात एक शहाणपण होतं, ते आपण विसरलो. तो मुलगा सीडी टाकण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारायचा. ‘काका, फोटो-बिटो डी ड्राइव्हवर आहेत ना?’ सी ड्राइव्ह पुसायचा, डी ला हात लावायचा नाही. जे परत मिळतं ते सी वर, जे परत मिळत नाही ते डी वर. घरोघरच्या आजोबांनासुद्धा हे कळलं होतं. लग्नाचे फोटो डी वर, टॅलीचा डेटा डी वर, मुलीचा बायोडेटा डी वर.

आज कंटेनर चालवणारे आपण इंजिनीअर लोक त्या मुलाच्याही मागे गेलोय. आपण फॉरमॅट मारतो, पण डी ड्राइव्हचा प्रश्न विचारत नाही. कारण डॉकरने मुळात सी आणि डी एकाच डिरेक्टरीत घातलेत, आणि आपल्याला ते माहीतच नसतं.

भांडण नेमकं कशावरून?

जरा खोलात जाऊ. कंटेनरची इमेज म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. शाळेत भूगोलाला ट्रेसिंग पेपर वापरायचो, तसं समजा. खालच्या कागदावर नद्या, वरच्यावर डोंगर, त्याच्यावर रेल्वे. वरून बघितलं की एकच नकाशा दिसतो. कंटेनर सुरू झाला की सगळ्यात वर एक कोरा कागद ठेवला जातो, आणि कंटेनर जे काही लिहितो ते त्याच्यावर. खालचे कागद जसेच्या तसे. हे कागद एकावर एक धरून ठेवणारी जी यंत्रणा, तिला स्टोरेज ड्रायव्हर म्हणतात.

हा ड्रायव्हर डॉकरने किती वेळा बदलला बघा. २०१३ साली डॉकर आला तेव्हा एयूएफएस वापरायचा. एयूएफएस लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये कधी गेलाच नाही, आणि रेड हॅटवाल्यांच्या कर्नलमध्ये तो नव्हता. म्हणून त्याच वर्षी डिव्हाइसमॅपर आला. डिसेंबर २०१४ मध्ये ३.१८ या कर्नलमध्ये ओव्हरले आला आणि डॉकरने तो घेतला. २०१६ मध्ये डॉकर १.१२ बरोबर ओव्हरले-२ आला. मग जुने एकेक करून बाद. एयूएफएस आणि पहिला ओव्हरले २०२३ मध्ये आवृत्ती २४ मध्ये गेले, डिव्हाइसमॅपर जानेवारी २०२४ मध्ये आवृत्ती २५ मध्ये गेला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आवृत्ती २९ आली, तिच्यात नव्याने बसवलेला डॉकर इमेज आपल्याकडे ठेवतच नाही, कंटेनरडीकडे देतो.

या प्रत्येकाची थर रचायची पद्धत वेगळी. एकाचे थर दुसऱ्याला वाचता येत नाहीत. आता समजा तुमच्या सर्व्हरवर २०१५ पासून डॉकर आहे. काढला, घातला, परत काढला, दुसरीकडून घातला. पॅकेज काढलं तरी /व्हार/लिब/डॉकर ही डिरेक्टरी जागेवरच राहते. भाडेकरू गेला, पण माळ्यावरचं सामान तसंच. नवा डॉकर येतो, माळ्यावर डोकावतो, तिथे दोन वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या खुणा दिसतात आणि तो सुरू व्हायलाच नकार देतो. म्हणतो, इथे एकापेक्षा जास्त ड्रायव्हर सापडले, आवरून घ्या नाहीतर कुठला वापरू ते स्पष्ट सांगा. किंवा एकच खूण सापडते, पण तो ड्रायव्हर आता कर्नलमध्ये नाही. मग म्हणतो, आधीचा ड्रायव्हर चालला नाही. आणि बसतो रुसून.

माझ्या मते तो अगदी बरोबर वागतो! त्याने अंदाज केला असता तर तुमचे जुने कंटेनर गायब झाल्यासारखे दिसले असते आणि तुम्हाला कळलंही नसतं का ते. तो थांबतो आणि विचारतो, ‘मालक, यातलं तुमचं कुठलं?’ आपण उत्तर न देता माळ्यालाच काडी लावतो.

आता मुद्द्याचं बोलतो, आणि या लेखातलं एवढंच लक्षात ठेवलंत तरी पुरे. हे सगळं भांडण थरांचं आहे. व्हॉल्यूमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. डेटाबेसचा डेटा, लोकांनी चढवलेल्या फायली वगैरे ज्या व्हॉल्यूममध्ये असतात, त्या /व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स मध्ये साध्या डिरेक्टरी म्हणून पडलेल्या असतात. त्यांना थर नाहीत, ड्रायव्हर लागत नाही. एयूएफएस असो की ओव्हरले-२, व्हॉल्यूम तेच. पण पत्ता बघा. भांडणारे थर आणि बिचारे व्हॉल्यूम एकाच छपराखाली. जालावरचा उपाय छपरासकट सगळं पाडतो. जे थर पुन्हा उतरवून घेता येतात ते गेले, आणि त्यांच्याबरोबर जे जगात दुसरीकडे कुठेही नाही तेही गेलं.

डोंबिवलीतली एक लॅब

ही पुस्तकी चिंता वाटत असेल तर एक अनुभव सांगतो. डोंबिवली पूर्वेला एक छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. नाव सांगत नाही, गरज नाही. सर्व्हर म्हणजे काउंटरमागे इन्व्हर्टरशेजारी ठेवलेला एक डबा. त्याच्यावर रिपोर्टचं सॉफ्टवेअर डॉकरमध्ये चालायचं, खाली पोस्टग्रेस. संगणकाचं बघणारा मुलगा हुशार, कष्टाळू. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. मशीन रीस्टार्ट झालं होतं आणि डॉकर कंटेनरची यादी रिकामी दाखवत होता.

‘सर, जालावर तीन कमांड मिळाल्यात. मारू का?’

‘थांब रे बाबा. आधी सांग, डेटा आहे कुठे?’

‘सर, गेला ना तो. यादी रिकामी येतेय.’

‘यादी रिकामी येणं वेगळं आणि कपाट रिकामं असणं वेगळं. डीयू मारून डिरेक्टरींचे आकडे बघ. स्नॅपची पण बघ.’

/व्हार/लिब/डॉकर मध्ये जेमतेम काही एमबी. आणि /व्हार/स्नॅप/डॉकर च्या पोटात ३८ जीबी!

झालं होतं असं. मशीन पहिल्यांदा लावलं तेव्हा उबुंटू सर्व्हरच्या इन्स्टॉलरने शेवटी लोकप्रिय स्नॅपची यादी दाखवली, त्यात डॉकर होता, कोणीतरी टिक केलं. तो स्नॅपवाला डॉकर आपलं सगळं सामान स्वतःच्या वेगळ्या डिरेक्टरीत ठेवतो. वर्षभराने नवी आवृत्ती हवी म्हणून या मुलाने अधिकृत सूचनांप्रमाणे एपीटीने डॉकर घातला. आता एका मशीनवर दोन डॉकर, दोन माळे, आणि दोघांनाही एकच सॉकेट हवं. रीस्टार्टनंतर नव्याने आधी जागा पकडली. त्याच्या माळ्यावर काही नव्हतं, म्हणून यादी रिकामी.

आणि त्या तीन कमांड काय होत्या? पहिली, स्नॅप रिमूव्ह, वर पर्जसकट. दुसरी, एपीटी पर्ज. तिसरी, आपली लाडकी आरएम -आरएफ. यातली पहिलीच पुरेशी होती. नुसतं स्नॅप रिमूव्ह केलं तर स्नॅप जाताना आपल्या सामानाची एक प्रत काढून ठेवतो आणि ती सहसा ३१ दिवस राहते. पर्ज जोडलं की ती प्रतही नाही.

मागून डॉक्टरबाईंचा आवाज आला. ‘अहो, मला बाकी काही कळत नाही. उद्या सकाळी पेशंटला जुना रिपोर्ट देता येईल का तेवढं सांगा.’

‘येईल मॅडम. फक्त आता कोणीही काहीही पुसू नका.’

दोन्ही डॉकर थांबवले. पोस्टग्रेसची आवृत्ती कोणती होती ते टिपून घेतलं. व्हॉल्यूमची डिरेक्टरी मालकी-परवानग्यांसकट वेगळ्या जागी उतरवली, नवा डॉकर तिच्याकडे बोट दाखवून सुरू केला. दीड तास. त्यातला तासभर कॉपी होण्यात गेला. थायरॉइडच्या एखाद्या पेशंटचे तीन वर्षांचे आकडे ओळीने बघितले की डॉक्टर गोळीचा डोस ठरवतात. ती ओळ एका एंटरवर जाणार होती, आणि त्या मुलाची त्यात चूक काय? त्याने जे सगळे करतात तेच करायचं ठरवलं होतं.

पर्ज म्हणजे काय रे भाऊ?

इथे साधनं बनवणाऱ्यांचीही हजेरी घ्यायला हवी, सगळं खापर वापरणाऱ्यावर फोडून चालणार नाही.

डॉकर कंपनीचं स्वतःचं पॅकेज एपीटीने पर्ज केलं तर डेटा शाबूत राहतो, आणि त्यांच्या सूचनांत तसं लिहिलंय. चांगली गोष्ट. पण डेबियन-उबुंटूचं स्वतःचं जे डॉकर-डॉट-आयओ नावाचं पॅकेज आहे, त्याच्या काही आवृत्त्या पर्ज करताना /व्हार/लिब/डॉकर उडवतोय असं पडद्यावर सांगतात, चुकून केलं असेल तर कंट्रोल-सी दाबा म्हणतात, आणि काही सेकंद थांबून खरंच उडवतात. शब्द तोच. एका पॅकेजमध्ये डेटा राहतो, दुसऱ्यात जातो. स्क्रिप्टमधून चालवलं असेल तर कंट्रोल-सी दाबायला बसलंय कोण?

पॉडमनचं वेगळं. २०१९ च्या रेड हॅट ८ पासून डॉकर गेला आणि पॉडमन आला. त्याचं सामान /व्हार/लिब/कंटेनर्स मध्ये, आणि रूट नसलेल्या वापरकर्त्याचं त्याच्या घरच्या डिरेक्टरीत लपलेलं. त्यात एक पॅकेज असं आहे की तुम्ही ‘डॉकर’ टाइप करता आणि चालतो पॉडमन! ते तसं सांगणारी एक ओळ पडद्यावर येते, आणि ती ओळ बंद कशी करायची हेही त्याच ओळीत सांगितलेलं असतं. लोक अर्थातच बंद करतात. मग ड्रायव्हर बदलला की पॉडमन तक्रार करतो की तुम्ही निवडलेला ड्रायव्हर डेटाबेसमधल्या नोंदीशी जुळत नाही. आणि उपाय काय सुचवतो? स्थानिक फायली डिलीट करा!

बघा गंमत. डॉकरचा संदेश म्हणतो ‘आवरून घ्या’, पॉडमनचा म्हणतो ‘डिलीट करा’. त्यात काय काय जाईल हे पूर्णपणे कोणीच सांगत नाही. पॉडमनची सिस्टिम रीसेट ही कमांड त्यातल्या त्यात सभ्य. काय काय जाणार, व्हॉल्यूमसुद्धा, याची यादी दाखवते आणि हो-नाही विचारते. मग चुकीच्या संदेशात ही सभ्यता का नाही? ‘इथे दोन ड्रायव्हरांचे थर आहेत, शिवाय चार व्हॉल्यूम आहेत, त्यांचा या भांडणाशी संबंध नाही, त्यांना हात लावू नका.’ एवढं वाक्य छापायला काय खर्च येतो?

आणि व्हॉल्यूम प्रून. आवृत्ती २३ पासून ही कमांड आपणहून फक्त बिननावाचे व्हॉल्यूम उडवते, नाव दिलेले ठेवते. ऐकायला सुरक्षित. पण बिननावाचे व्हॉल्यूम कोणाचे असतात? ज्याने डेटाबेस चालवताना व्हॉल्यूम द्यायचा असतो हे माहीत नव्हतं, त्याचे! पोस्टग्रेसची इमेज आपणहून एक बिननावाचा व्हॉल्यूम करून घेते. म्हणजे सगळ्यात नवख्या माणसाचा डेटा सगळ्यात आधी जातो. कंटेनर काढले की तो व्हॉल्यूम ‘न वापरलेला’ ठरतो, आणि पुन्हा बसवताना कंटेनर आधीच काढलेले असतात.

‘पण सर्व्हर म्हणजे गुरं, पाळीव प्राणी नव्हेत’

हा युक्तिवाद येणार, माहीत आहे. कंटेनर क्षणभंगुर असावा, सर्व्हर कधीही टाकून देता यावा, त्याच्यावर जीव लावू नये. तत्त्व चांगलं आहे. ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत बसून पाचशे मशीन सांभाळणाऱ्यांना शोभतंही. पण वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये, नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसात, कल्याणच्या क्लासमध्ये एकच मशीन असतं. ज्याच्या दारात एकच म्हैस आहे त्याला कळपाचं तत्त्वज्ञान सांगू नका हो. तिचं दूध आटलं तर त्याचा चहा बंद होतो.

दुसरा युक्तिवाद, ‘बॅकअप घ्यायला हवा होता.’ हवाच होता, वाद नाही. पण बॅकअप आहे म्हणून पुसायला मोकळे, हे म्हणणं म्हणजे विमा आहे म्हणून सिग्नल तोडण्यासारखं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये काय झालं आठवा. डेटाबेसची दुसरी प्रत तयार होत नव्हती, कमांड अडून बसली होती. डेटा डिरेक्टरी आधीच आहे म्हणून अडत असेल, असं समजून इंजिनीअरने ती पुसायला घेतली, आणि पुसली गेली ती मुख्य सर्व्हरवरची. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले असताना त्याने थांबवलं. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण वेळेवर धड उपयोगी पडेल अशी एकही निघाली नाही. सहा तास आधी योगायोगाने घेतलेली प्रत होती म्हणून वाचले, सहा तासांचा डेटा गेलाच. त्यांनी हे सगळं जगासमोर मोकळेपणाने मांडलं, त्याबद्दल त्यांना सलाम. पण मूळ बघा. साधन अडलं, का अडलं ते नक्की कळलं नाही, म्हणून डिरेक्टरी पुसली. अगदी आपलीच कथा, मोठ्या लोकांच्या घरची.

आणि आपल्याकडच्या छोट्या बॅकअपची एक खास गंमत असते. रोज रात्री डेटाबेसची प्रत निघते आणि जाते कुठे, तर दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये. म्हणजे त्याच छपराखाली!

हे लफडं बाहेर पडतं तेही वेळ बघून. चालू मशीनवर कर्नल बदलतो, पॅकेज बदलतात, पण जुनंच चालत राहतं. रीस्टार्ट झालं की खरा हिशोब. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिनीच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली तो दिवस आठवत असेल. अशा दिवशी एका वेळी हजारो डबे बंद पडतात आणि वीज आली की एका वेळी उठतात. वर्षभराचे साठलेले बदल त्या एका मिनिटात अंगावर येतात, समोर माणसं खोळंबलेली असतात, आणि अशा वेळी जालावरची तीन ओळींची जडीबुटी फार गोड लागते.

मग करायचं काय?

नुसतं ओरडून उपयोग नाही, म्हणून माझी पद्धत देतो.

१. डॉकरची सर्व्हिस थांबवा, सॉकेटसकट. नाहीतर कोणी डॉकर नुसता हाक मारला तरी तो परत उठतो. कंटेनर खरंच थांबलेत का आणि मागे काही माउंट उरलेत का, तेही बघा.

२. घरात किती डॉकर आहेत ते मोजा. स्नॅपची यादी, डीपीकेजीची यादी, पॉडमन आहे का. मग प्रत्येकाची डिरेक्टरी किती जीबीची आहे ते डीयूने बघा. दहातली निम्मी कोडी इथेच सुटतात.

३. जर्नलसीटीएलमधला लॉग शेवटपर्यंत वाचा. कोणत्या ड्रायव्हरांची नावं आहेत ते कागदावर लिहा. हो, कागदावर.

४. पुसू नका, हलवा. एमव्हीने जुन्या डिरेक्टरीचं नाव बदला. त्याच पार्टिशनवर असेल तर क्षणात होतं आणि जागाही जास्त लागत नाही. ती स्वतःच माउंट असेल आणि हलत नसेल, तर डेमन-डॉट-जेसनमध्ये डेटा-रूट नव्या जागी द्या. जुनं आपोआप अस्पर्श राहतं.

५. ड्रायव्हर स्पष्ट लिहा, डेमन-डॉट-जेसनमध्ये, एकाच ठिकाणी. तेच सिस्टिमडीच्या फाइलमध्येही लिहिलंत तर डॉकर त्यावरूनही अडून बसेल.

६. व्हॉल्यूम नव्या जागी कॉपी करा, डेटाबेस बंद असताना, मालकीचे आकडे जसेच्या तसे ठेवून. डॉकर सुरू होताना तिथल्या डिरेक्टरी बघून व्हॉल्यूम ओळखतो.

७. इमेज परत उतरवताना तीच आवृत्ती घ्या. ‘लेटेस्ट’ घेतलंत आणि पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली, तर तो जुना डेटा उघडणार नाही. मग लोकांना वाटतं डेटा खराब झाला, आणि पुन्हा तीच आरएम -आरएफ.

८. कोणी व्हॉल्यूम न वापरता थेट कंटेनरच्या वरच्या कागदावरच लिहिलं असेल, तर तेवढ्यापुरता तो जुना ड्रायव्हर ओळखणारी जुनी आवृत्ती चालवा. एयूएफएससाठी २४ च्या आधीची, डिव्हाइसमॅपरसाठी २५ च्या आधीची, आणि कर्नलही त्याला चालणारा. डॉकर सीपीने फायली बाहेर काढा, मग पुढे चला.

९. सगळं चालू झालं तरी जुनी डिरेक्टरी महिनाभर ठेवा. डिस्क स्वस्त आहे, रिपोर्ट नाहीत.

आवृत्ती २९ वाल्यांसाठी दोन शब्द वेगळे. जुन्या मशीनवर नव्या साठवणुकीकडे वळलात की जुन्या इमेज आणि कंटेनर दिसेनासे होतात. ते लपतात, जात नाहीत. परत जुन्या पद्धतीवर आलात की दिसतात. तेव्हा ‘गेलं’ म्हणून छाती पिटू नका. आणि डेटा-रूट मोठ्या डिस्कवर दिलंय म्हणून निश्चिंतही राहू नका. नव्या पद्धतीत इमेज /व्हार/लिब/कंटेनरडी मध्ये जातात, त्यांना डेटा-रूट लागू नाही. छोटी रूट डिस्क गुपचूप भरते.

आणि हे सगळं कधी करायचं नाही? स्वतःच्या लॅपटॉपवर, प्रयोगाच्या मशीनवर, जिथे काहीच राखायचं नाही तिथे. तिथे खुशाल पुसा, मीही पुसतो. माझं भांडण पुसण्याशी नाही, न बघता पुसण्याशी आहे.

एकमशीनवाल्यांना शेवटचं सांगणं. डेटाबेसच्या डेटाला डॉकरच्या माळ्यावर ठेवूच नका. /एसआरव्ही खाली किंवा वेगळ्या डिस्कवर स्वतःची डिरेक्टरी करा आणि ती कंटेनरला जोडा. शिष्ट लोक म्हणतील की व्हॉल्यूम जास्त योग्य असतात. म्हणोत. तुमच्या डिरेक्टरीचं नाव तुम्हाला माहीत असेल, ती वेगळी कॉपी करता येईल, आणि उद्या कोणी घाबरलेला मुलगा रात्री नऊ वाजता /व्हार/लिब/डॉकर पुसून मोकळा झाला तरी तिला धक्का लागणार नाही. त्या असेंबलवाल्या पोराच्या भाषेत, काका, डेटा डी वर ठेवा.

असो. पुढच्या विकांताला कमी चिडका विषय घेईन म्हणतो. तोवर आपापल्या सर्व्हरवर एकदा डीयू मारून बघा, माळ्यावर काय काय निघतंय ते.